याकितोरी आणि वाइनला जाताय? सायकल घरी ठेवा

टोकियोच्या निशी-कासाईत नवीन आलेली आपली मंडळी याकितोरीला, म्हणजे काडीला लावून कोळशावर भाजलेली कोंबडी खायला, जातात तेव्हा नुसता मोमो, म्हणजे मांडीचं मांस, मागवत सुटतात. वर लाल तिखट मागतात आणि बाहेर येऊन म्हणतात, फिकं होतं. अरे बाबांनो, तिथे मसाला नाहीच, सगळा खेळ मिठाचा आणि कोळशाचा. चांगल्या दुकानात वाकायामाकडचा बिन्चोतान कोळसा असतो, धूर जवळजवळ नाही. त्यावर भाजलेली कातडी (कावा), शेपटाकडचा चरबीदार बोंजिरी, मानेचं सेसेरी खाऊन बघा. घरी कलेजी आवडीने खाणारे इथे लाजतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी येईल. ती ओतोशी. तिचे पैसे बिलात लागतात, वाद घालू नका. टिप देऊ नका.

ओमाकासे, म्हणजे काय द्यायचं ते आचाऱ्यावर सोडणं, घेतलात तर काही दुकानांत तुम्ही 'स्टॉप' म्हणेपर्यंत काड्या येतच राहतात. लाजेखातर गप्प बसलात की बिल फुगलंच.

काडीवर मीठ की तारे नावाचा गोडसर सॉस, हे शक्यतो आचाऱ्यावर सोडा. वाइनही त्यावरच ठरते. मिठाच्या काडीबरोबर यामानाशीची कोशू ही पांढरी वाइन, हलकी आणि आंबटसर. तारे लावलेल्या त्सुकुने (खिम्याचे गोळे) किंवा कलेजीबरोबर मस्कट बेली ए. ही लाल द्राक्षाची जात १९२७ मध्ये निगाताच्या कावाकामी झेन्बेई यांनी तयार केली. कडवटपणा कमी, वास स्ट्रॉबेरीसारखा. फ्रेंच लेबल पाहिल्याशिवाय ज्यांना वाइन वाइन वाटत नाही, त्यांनी ही आधी घ्यावी. प्रत्येक काडीबरोबर पेला झेपत नसेल तर 'हाफ', म्हणजे अर्धा पेला, मिळेल का ते विचारा.

शाकाहारी मित्राला नेत असाल तर आधी सांगून ठेवा: शिशितो मिरची आणि शिताके मशरूम त्याच जाळीवर भाजतात. डुक्कर न खाणाऱ्यांनी 'बुताबारा' (डुकराच्या पोटाचं मांस) हा शब्द पाठ करावा, याकितोरीच्या यादीत तोही असतो. आतून कच्ची ठेवलेली कोंबडी मी खात नाही, कुणी कितीही कौतुक केलं तरी. कच्च्या कोंबडीतला कॅम्पिलोबॅक्टर जंतू कौतुक ऐकत नाही.

आता सायकल. स्टेशनपर्यंत सायकल, मग याकितोरी, मग दोन पेले, मग पुन्हा सायकल, हे आपल्याकडचे लोक अजून सर्रास करतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून श्वासात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर सायकलवाल्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. तोल जात असेल तर शिक्षा याहून मोठी. प्यायलेल्याला सायकल देणाराही अडकतो, म्हणून मित्राला 'माझी घेऊन जा' म्हणू नका. 'अरे, वाइनच तर होती' हे पोलिसांना सांगून पाहिलेला एक जण ओळखीचा आहे. त्याचा दंड त्या रात्रीच्या बिलाच्या कित्येक पट निघाला. सायकल घरीच राहू दे, निशी-कासाईच्या तोझाई मेट्रो लाइनच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा, आणि उतरून घरापर्यंत चालत जा.