तोकाईची फुरमिंत वाइन कशी निवडावी आणि तिच्याबरोबर काय वाढावे

हंगेरीच्या ईशान्येला, बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमापाशी असलेल्या तोकाई प्रदेशात फुरमिंत नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून अगदी ड्राय, म्हणजे जवळजवळ साखर नसलेली, वाइनही होते आणि अतिशय गोड वाइनही. त्यामुळे जेवणाचा बेत ठरवण्याआधी हातातल्या बाटलीत साखर किती आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

त्यासाठी प्रथम लेबल वाचावे. ‘सारझ’ म्हणजे ड्राय, ‘फेलसारझ’ म्हणजे जराशी गोडसर आणि ‘एदेश’ म्हणजे गोड. ‘सामोरोदनी’ असे लिहिलेले असल्यास यांपैकी कोणता शब्द सोबत आहे हे अवश्य तपासावे, कारण ती वाइन ड्राय आणि गोड अशा दोन्ही प्रकारांत मिळते. ‘असू’ ही वेलीवरच सुकलेल्या मण्यांपासून केलेली वाइन मात्र नेहमीच गोड असते. 2013 च्या हंगामापासून तिच्यात दर लिटरला किमान 120 ग्रॅम साखर असावी लागते. लेबलवर ‘6 पुत्तोन्योश’ (पुत्तोन्योश हे असूच्या गोडीचे माप) असल्यास किमान 150 ग्रॅम.

एवढी साखर असूनही चांगली असू घशाशी येत नाही, याचे कारण ती बनते कशी यात आहे. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुके येते आणि दुपारी ऊन पडते. अशा हवेत बोट्रायटिस ही बुरशी पिकलेल्या द्राक्षांची साल सच्छिद्र करते, आतले पाणी उडून जाते आणि मणी वेलीवरच सुरकुततात. पाणी कमी झाल्याने साखरेबरोबर आंबटपणाही घट्ट होतो, आणि फुरमिंत मुळातच आंबट द्राक्ष आहे. हे मणी एकेक करून वेचतात आणि द्राक्षरसात किंवा वाइनमध्ये भिजत घालतात. जोडीचे पदार्थ निवडताना हा आंबटपणाच आपल्या उपयोगी पडतो.

ड्राय फुरमिंतबरोबर स्निग्ध, खारट पदार्थ वाढावेत. हंगेरीत आंबट साय आणि पाप्रिका (लाल मिरचीची पूड) घालून कॅटफिशचा रस्सा करतात व त्याबरोबर ताजे चीज आणि परतलेले बेकन घातलेल्या शेवया देतात. साय आणि बेकनच्या चरबीने तोंड जड होते, आणि वाइनच्या एका घोटाने ते पुन्हा मोकळे होते. मला स्वतःला ही जोडी सर्वांत जास्त पटते. भाजलेले डुकराचे मांस किंवा लोण्यात परतलेला मासाही चालतो. हंगेरियन पाप्रिकाचे गोड आणि तिखट असे दोन्ही प्रकार असतात; माशाचे सूप तिखट पाप्रिकाचे असेल, तर ड्रायपेक्षा फेलसारझ बाटली उघडावी, कारण थोड्याशा साखरेने जिभेची आग कमी होते.

असूसाठी एक नियम कटाक्षाने पाळावा: सोबतचा गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा, नाहीतर वाइन पातळ आणि आंबट लागते. जर्दाळूचा टार्ट किंवा सफरचंद भरलेले रेतेश (पातळ पापुद्र्याची भाजलेली गुंडाळी) बेताच्या साखरेने करावे. चॉकलेट शक्यतो टाळावे. खरे तर गोडापेक्षा खारट पदार्थांबरोबर असू अधिक खुलते. रॉकफोरसारखे निळ्या बुरशीचे चीज घ्यावे किंवा हंसाची कलेजी, जी हंगेरीत असूबरोबर आवर्जून खाल्ली जाते. कलेजी सुरुवातीला वाढण्याची पद्धत आहे, पण गोड वाइननंतर ड्राय वाइन उगाच आंबट वाटते. म्हणून एकाच जेवणात दोन्ही वाइन द्यायच्या असतील, तर आधी ड्राय बाटली संपवावी आणि असू शेवटी चीजबरोबर द्यावी.

दोन्ही वाइन फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवून, वाढण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढाव्यात. 10 ते 13 अंश सेल्सिअस तापमान योग्य. त्याहून थंड असल्यास असूमधला जर्दाळू आणि मधाचा वास दबून जातो. असूची बाटली बहुधा अर्ध्या लिटरची असते आणि एका वेळी एकाला 60 ते 75 मिलिलिटर पुरते, म्हणजे सहा ते आठ जणांना एक बाटली होते. उरल्यास घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. भरपूर साखर आणि आंबटपणामुळे ती काही आठवडे चांगली राहते, उघडलेली ड्राय फुरमिंत मात्र दोन-तीन दिवसांत संपवावी.