लाल दिव्याने अळीला लोळवायचं कसं

आधी नावाचा घोळ. गोव्यात फळमाशी म्हटलं की आंबा किडवणारी माशी आठवते. ती बॅक्ट्रोसेरा. इथे हवी ती ड्रॉसोफिला, पिकल्या केळ्यावर नि बोंडूंच्या ढिगावर घोंघावणारं चिलट. तिच्या अळीच्या कातडीखाली इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. परजीवी गांधीलमाशीने नांगी खुपसली की त्या पेशी पेटतात आणि अळी ओंडका घरंगळावा तशी आडवी लोळते. त्याच पेशींत प्रकाशाने उघडणारं प्रथिन बसवलं, तर नांगी न लागताही ती लोळते. ऑप्टोजेनेटिक्समध्ये (प्रकाशाने पेशी चालवण्याच्या तंत्रात) हात बसवायला हा प्रयोग उत्तम, कारण निकाल नुसत्या डोळ्यांना दिसतो.

प्रथिन घ्या सीएसक्रिम्सन. दोन शैवालांच्या चॅनेलऱ्होडॉप्सिनांचा (प्रकाशाने उघडणाऱ्या प्रथिनांचा) हा सांधा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा जोर ५९० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक, पण ६२५ च्या लाल प्रकाशालाही तो चांगला उघडतो. निळ्यावर चालणारं चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ इथे नको. अळी निळ्या उजेडापासून मुळातच पळते, मग हालचाल प्रथिनामुळे झाली की उजेड नकोसा झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.

संकर सोपा आहे. गॅल४ ही ठरावीक पेशींतच (इथे पीपीकेमुळे इजा ओळखणाऱ्या पेशींत) तयार होणारी किल्ली, आणि यूएएस हे तिने उघडणारं कुलूप, ज्यामागे आपल्या प्रथिनाचं जनुक असतं. म्हणून घ्या पीपीके-गॅल४ च्या कुमारी माद्या (२५ अंशांना कोशातून बाहेर पडल्यावर ८ तासांच्या आत वेचलेल्या) आणि यूएएस-सीएसक्रिम्सन-एमव्हीनसचे नर (एमव्हीनस हे प्रथिनाला जोडलेलं चमकणारं लेबल). जनुकबदल केलेले जीव असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. बाटल्या २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्येच ठेवा. मे महिन्यातली खोली चालणार नाही. ३० च्या वर नर वांझ होऊ लागतात.

खरी मेहनत रेटिनलची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या रूपाची. प्रथिन रेटिनलशिवाय आंधळं असतं आणि माशीच्या शरीरात ते पुरेसं नसतं, म्हणून खाद्यातून द्यावं लागतं. ऑल-ट्रान्स रेटिनलची १०० मिलिग्रॅमची कुपी ३.५ मिली शुद्ध इथेनॉलमध्ये विरघळवली की साधारण १०० मिलिमोलर द्रावण होतं. त्याचे १०० मायक्रोलिटरचे वाटे करून छोट्या ट्यूबांत भरा, ट्यूबना फॉइल गुंडाळा, उणे २० अंशांना ठेवा. मक्याचं नेहमीचं खाद्य ५० अंशांच्या खाली आलं, पण थिजलं नाही, अशा वेळी ५० मिलीला २५० मायक्रोलिटर घालून ढवळा. ०.५ मिलिमोलर झालं. तुलनेच्या गटासाठी दुसऱ्या ५० मिलीत तेवढंच नुसतं इथेनॉल. उकळत्या खाद्यात ओतलं तर रेटिनल बिघडतं, थिजू लागल्यावर ओतलं तर एका कोपऱ्यात साचतं. दोन्ही चुका शेवटी सारख्याच दिसतात, अळ्या ढिम्म हलत नाहीत.

बाटल्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळा. सीएसक्रिम्सन निळ्या-हिरव्या उजेडालाही प्रतिसाद देतं, त्यामुळे खोलीतल्या ट्यूबलाइटखाली वाढलेल्या अळ्यांना दिवसभर टोचणी चालू राहते. जोड्यांना ६ तास अंडी घालू द्या, मग काढून टाका, म्हणजे सगळ्या अळ्या एका वयाच्या मिळतात. पाचव्या दिवशी तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या घ्या.

दिव्यासाठी १२ व्होल्टची लाल एलईडी पट्टी पुरते. दिवा चालू-बंद करणाऱ्या आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या) पिनेवर ती थेट लावू नका. मध्ये मॉस्फेट (विजेने चालणारा छोटा स्विच) हवा, आणि तो आयआरएलझेड४४एन. दुकानात पुष्कळदा आयआरएफझेड४४एन हातात देतात. एका अक्षराचा फरक, पण हा दुसरा ५ व्होल्टला पूर्ण उघडत नाही आणि तापतो. पट्टीची ऋण तार ड्रेनला, सोर्स ग्राउंडला, गेट २२० ओहममधून पिनेला. गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. आर्डुइनो सुरू होताना पिन अधांतरी असते, पट्टी लुकलुकते, आणि प्रयोगाआधीच अळ्या लोळून मोकळ्या होतात. अडॅप्टर आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकच असावं.

चित्रण ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त उजेडात करा. कॅमेऱ्यातला अवरक्त फिल्टर काढा आणि लेन्सपुढे ७८० च्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावा. आता लाल दिवा कॅमेऱ्याला दिसणारच नाही, मग तो कधी लागला हे कसं कळणार? चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटा अवरक्त एलईडी २२० ओहमसह दुसऱ्या पिनेला जोडा आणि लाल पट्टीबरोबर त्याच क्षणी लावा.

२ टक्के अगरच्या ९ सेंटिमीटर बशीवर अर्धा मिली पाणी पसरा, धुतलेल्या १० अळ्या सोडा, ५ मिनिटं अंधारात राहू द्या. मग ५ सेकंद लाल, ६० सेकंद अंधार, असं तीनदा. उजेड १० टक्क्यांपासून पायरीपायरीने वाढवा आणि बशीच्या पातळीवर पॉवर मीटरने मोजून लिहून ठेवा. अंगाभोवती पूर्ण फेरा झाला तरच लोळणं धरा. नुसतं वाकणं वेगळ्या रकान्यात. पावसाळ्यात बशीवरचं पाणी सुकत नाही, अळ्या तरंगतात आणि पकड नसल्याने लोळत नाहीत. जास्तीचं पाणी टिश्यूने टिपून घ्या.

रेटिनल न दिलेली एखादी अळीही लोळली तर घाबरू नका. पिवळ्या मक्यात कॅरोटिनॉइड असतात, त्यांतून माशी थोडं रेटिनल बनवते. म्हणूनच गॅल४ नसलेल्या, पण रेटिनल दिलेल्या अळ्यांचा तिसरा गट लागतो. तोही लोळू लागला तर पट्टीची उष्णता तपासा, कारण याच पेशी चटकाही ओळखतात. उलट रेटिनल दिलेल्या मोजक्याच अळ्या लोळल्या, तर काजूच्या हंगामात बाहेरची चिलटं बाटलीत शिरून अंडी घालून गेली नाहीत ना, ते बघा. प्रयोग संपल्यावर फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या धरा. ज्यांच्यात एमव्हीनस चमकत नाही त्या मोजणीतून वगळा. ही तपासणी आधी केली तर तिच्याच उजेडाने अळ्या पेटतात.