सातबाऱ्यावरची चूक : आधी टप्पा ओळखा, मग अर्ज करा

सातबाऱ्यावर चूक दिसली की पहिला प्रश्न हा : ती शिरली कधी? महाराष्ट्रात उतारा एका झटक्यात डिजिटल झाला नाही. आधी हस्तलिखितावरून टायपिंग झालं, मग ई-फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची (फेरफाराची) नोंद संगणकावर घेणं, आला. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून, म्हणजे गावकऱ्यांसमोर उतारे वाचून दाखवून, चुका वेचल्या गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी, तिच्या दुरुस्तीची वाटही वेगळी.

भूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा फुकट उतारा फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल सातबारा पोर्टलवर १५ रुपये भरून सहीचा उतारा काढा. सोबत ८-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मिळवा. या नकलेशिवाय टायपिंगची चूक सिद्ध होत नाही आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

आता चालू उतारा आणि जुनी नक्कल शेजारी ठेवा. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने वाचा. १.०४.०० म्हणजे १ हेक्टर ४ आर. तेच १.४०.०० टाइप झालं तर ३६ आर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस गुंठे जमीन कागदावर वाढली. लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) ही बेरीज एकूण क्षेत्राशी जुळायला हवी आणि सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीजही. मग कंस पाहा. हस्तलिखितात कमी केलेल्या नावाला कंस करतात. टायपिंगमध्ये तो सुटला की जमीन विकून गेलेला माणूस पुन्हा खातेदार दिसतो. शंका असलेल्या प्रत्येक नावापुढचा फेरफार क्रमांक घ्या आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, यातली ती नोंद शब्दशः ताडून पाहा.

फेरफार बरोबर, पण उतारा चुकीचा असेल तर ती लेखनातली चूक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा; ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीतूनही करता येतो. नक्कल, फेरफार आणि चालू उतारा जोडा. पण १५५ ने मालकी बदलत नाही. वाटणीचा किंवा वारसाचा वाद या कलमात घुसवून मिळवलेला आदेश पुढे टिकत नाही, पैसे आणि वर्षं मात्र जातात.

फेरफारच चुकीचा असेल तर वाट निराळी. नोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाच्या नोटिसा दिसतात, महिन्यातून दोनदा पाहायची सवय लावा. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस.

पिकाची चूक गाव नमुना १२ मधली, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागातली. ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपमध्ये नोंद करताना त्याच गटात उभं राहून फोटो काढा. बांधावरून घाईत केलेल्या नोंदीत शेजारचा गट निवडला जातो. २०२२ च्या सुधारित ॲपपासून स्वतः केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. हंगामाची मुदत संपण्याआधी नोंद उताऱ्यावर उमटली का, ते पाहून घ्या.