जुन्या गोधडीचे काठ दुरुस्त करताय? या चुका टाळा

गोधडी आधी काठाला विरते. मधला भाग अजून कितीतरी वर्षं टिकेल असा घट्ट असतो आणि काठाला मात्र दशा सुटलेल्या असतात. पांघरताना आपण तिला काठालाच धरून ओढतो, काठच हनुवटीखाली चुरगळतो, आणि काठावर शिवलेली पट्टी जिथे दुमडलेली असते त्या धारेवर सगळी झीज येते. म्हणजे दुरुस्ती असते ती बोटभर रुंदीची. तरीही माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गोधड्यांचं खरं नुकसान झिजेनं नव्हे, घाईच्या दुरुस्तीनं झालेलं असतं. तेच तेच पाहून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

काठ कापून टाकणं

ही चूक सगळ्यात वाईट, कारण ती परत घेता येत नाही. फाटकं तेवढं कापलं की सरळ कड मिळेल आणि पट्टी झटकन बसेल, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं.

आजीची गोधडी होती. वरखाली लुगडी, आत धोतरांचे तुकडे. मी विशीत होते, शिवण येते असा विश्वास होता. चारही बाजूंनी दोन-दोन बोटं कापून काढली, नवी पट्टी लावली, गोधडी छान दिसायला लागली. महिन्याभरात धावदोऱ्याच्या ओळी काठाकडून सुटायला लागल्या. आजीच्या ओळी या काठापासून त्या काठापर्यंत गेलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीची गाठ तिनं काठाच्या आत दडवली होती. त्या गाठीच मी कापून टाकल्या होत्या. टाके सैल पडले, आतले तुकडे सरकले आणि एका कोपऱ्यात त्यांचा गोळा झाला. ते सगळं पुन्हा पसरून, नव्यानं धावदोरा घालून गोधडी पांघरण्याजोगी करायला मला दोन उन्हाळे लागले.

कापलेला काठ सुदैवानं फेकला नव्हता. तो उसवून पाहिला तर वरच्या जांभळ्या पट्टीखाली एक हिरवी पट्टी निघाली, धारेवर पार विरलेली, पण टाके जागच्या जागी. म्हणजे आजीनंही एकदा हीच दुरुस्ती केली होती. जुनी पट्टी न काढता तिनं नवी तिच्यावरच चढवली होती.

तेव्हापासून मी काठाला कात्री लावत नाही. सुटलेल्या दशा आत वळवते, विरलेल्या जागेवर जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा ठेवून कच्चा टाका घालते आणि मग वरून पट्टी चढवते. पट्टी विरलेल्या भागाच्या पुढे धड कापडात निदान अर्धा इंच जायला हवी. विरलेल्या कापडात टाका धरतच नाही, तो चार दिवसांत कापड घेऊन बाहेर येतो.

कोरं कापड न धुता लावणं

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. चार फूट बाय सहा फूट गोधडीचा घेर २० फूट, म्हणजे २४० इंच. तीन टक्के धरले तरी पट्टी सात इंचांनी आखडते, आणि गोधडी तर कधीच आटून बसलेली असते. मग काठ चुण्या पडून आत ओढला जातो आणि तो ताण नेमका जुन्या कापडावर येतो. पट्टीचं कापड दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. लाल, मरून, गडद निळं असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा, मग ते कितीही आवडलेलं असो.

माझी पसंती जुन्या सुती साडीला. त्यातही जो भाग आत गुंडाळला जातो तो घ्यावा, तो कमी झिजलेला असतो. कापड उजेडासमोर धरा. धागे विरळ दिसले तर नको.

पट्टी अडीच इंच रुंद कापून लांबीत मधोमध दुमडा आणि दुहेरीच लावा. गोधडी जाड असेल तर तीन इंच घ्या. धारेवर दोन थर हवेतच. उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेली पट्टी जास्त टिकते, कारण दुमडीच्या धारेवर एकच धागा सलग येत नाही. पण नवशिक्या हातात ती ओढली जाते, म्हणून सरळ काठाला उभ्या धाग्याची पट्टी चालेल. गोल कोपऱ्याला मात्र उरेबच पाहिजे.

मशीन आणि पक्का दोरा

"मावशी, मशीनवर मारून टाकू का? अर्ध्या तासात होईल." माझी भाची दर वेळी हेच विचारते आणि मी दर वेळी नाही म्हणते. जुन्या कापडात मशीनची भोकं इतकी जवळजवळ पडतात की पुढे कापड त्याच ओळीत फाटतं. तुटू नये म्हणून लोक नायलॉनचा नाहीतर पॉलिएस्टरचा दोरा घेतात. दोरा तुटत नाहीच, ताण आला की कापड कापतो. सुती दोरा, बारीक सुई आणि हातानं घातलेले, न ओढलेले टाके घ्या. दोरा तुटला तर पुन्हा ओवता येतो. एका बाजूला एक संध्याकाळ जाते, तेवढा वेळ नसेल तर गोधडी सध्या घडी करून ठेवा, ती थांबते.

बाकीच्या चुका

डिंक किंवा इस्त्रीनं चिकटणारी टेप काठाला कधीच लावू नका. काठ कडक होतो आणि कडक झालेला काठ दुमडीवर मोडतो.

फाटकी गोधडी आधी धुऊ नका. भोकं पाण्यात मोठी होतात. कच्चा टाका घालून मगच भिजवा.

लांबी काठावरून मोजू नका, काठ ओढून ओढून ताणलेला असतो. गोधडी सपाट पसरा, मधून मोजा आणि पट्टीला कोपरे व जोड यांसाठी दहा-बारा इंच जास्त ठेवा.

कोपऱ्यावर पट्टी ओढून वळवू नका, तिथे चुणी घालून दोन टाके जास्त घाला.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा धुतलेली गोधडी दोरीवर टाकू नका. ओल्या गोधडीचं सगळं वजन एका रेषेवर येतं आणि नवे टाके आधी सुटतात. चादर अंथरून तिच्यावर सावलीत सपाट पसरा, अर्धी वाळली की उलटा.