लागोपाठ शंभर सर्व्हिस मारू नका

मी बॅडमिंटन शिकवते. नवी मुलं हमखास करतात ते हे: एकाच कोपऱ्यात आखूड, म्हणजे जाळीपलीकडे जवळच पडणारी सर्व्हिस, लागोपाठ शंभर. शेवटच्या वीस सुरेख पडतात आणि पोर खुशीत घरी जातं. दुसऱ्या दिवशी पहिलीच शटल जाळीत.

हात बसला असं वाटतं, पण तो फक्त तापलेला असतो. मागचा फटका अंगात ताजा असताना पुढच्याची जुळवाजुळव नव्याने करावीच लागत नाही. सामन्यात ती दर वेळी करावी लागते. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाच मुद्दा तपासला. हाताच्या तीन हालचाली काहींनी एकेक करून घोटल्या, काहींनी उलटसुलट क्रमाने केल्या. सरावात दुसरा गट मागे होता. दहा दिवसांनी तोच पुढे निघाला.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस मात्र एकच जागा धरा. बॅकहँड, म्हणजे हाताची पाठ पुढे ठेवून मारायच्या सर्व्हिससाठी अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर सपाट टेकवा. शटल पिसांच्या टोकाला दोन बोटांत धरा, बूच रॅकेटकडे. वर उडवू नका. सोडा आणि ढकला. एवढं जमलं की एक सर्व्हिस आखूड मधल्या रेषेजवळ, पुढची लांब, तिसरी आखूड पण बाहेरच्या कडेला. दोन फटक्यांच्या मध्ये जागेवरून हला, पाय पुन्हा लावा. चुका वाढतील. वाढू द्या.

लक्ष हातावर नको. एका मुलीला मी महिनाभर "मनगट सांभाळ" सांगत राहिले आणि तिचा हात आखडतच गेला. ती चूक माझी होती. मग म्हटलं, "जाळीची पांढरी पट्टी बघ, शटल तिला घासून जाऊ दे." त्याच दिवशी खांदा सैल पडला.

आणि कुणाला "कशी पडली?" विचारण्याआधी स्वतः ठरवा: उंच गेली, आखूड पडली, की बाहेर. शिकवणाऱ्यानेही दर फटक्याला बोलू नये, नाहीतर मुलं स्वतःचा हात ओळखायलाच शिकत नाहीत.

रविवारी सलग तीन तास खेळण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. मधल्या रात्रीची झोपही या शिकण्याला हातभार लावते.

एक छोटी वही ठेवा. रोज आल्या आल्या, अंग मोकळं करून, पण सर्व्हिसचा एकही सराव न करता पाच सर्व्हिस मारा आणि किती बरोबर पडल्या ते लिहा. सरावाच्या शेवटचा आकडा लिहू नका.