कातड्यातून लांब पट्टे काढताना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कातडं चौरस फुटावर विकत घ्यायचं आणि पट्टा नगावर विकायचा, या धंद्यातली सगळी गोम इथे आहे. व्यापारी पोट, मान, तंगड्या, गोचिडीचे डाग, सोलताना सुरीने पडलेली भोकं, सगळ्याचे पैसे लावतो. पट्टा मात्र पाठीच्या बाजूनेच निघतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारात बेल्ट मांडायचा विचार असेल, तर बक्कल कुठलं नि रंग कुठला हे नंतर ठरवा. आधी एका कातड्यातून विकण्याजोगं किती निघतं ते पाहा.

गोव्यात हा माल बाहेरून मागवावा लागतो. जवळचं ठिकाण कोल्हापूर. तिथे चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं मिळतं. बाजारात या जातीला व्हेज टॅन म्हणतात. पट्ट्याला हेच घ्या. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं मऊ असतं, ओढलं की ताणतं आणि त्याची कड घासून चकचकीत होत नाही. आपल्याकडे कातडं म्हटलं की आधी घुमट हे वाद्य डोळ्यांसमोर येतं, पण बकऱ्याचं ते पातळ कातडं पट्ट्याच्या कामाचं नाही. पट्ट्याला गाईचं किंवा म्हशीचं, 3.5 ते 4 मिलिमीटर जाडीचं लागतं. कण्यावरून उभं चिरून केलेला अर्धा भाग, म्हणजे ‘साइड’, मागा. मागच्या खरखरीत बाजूवर आकडा लिहिलेला असतो तो चौरस फुटांचा. त्याच्या डोक्यावर छोटा 1, 2 किंवा 3 दिसला तर तो पाव, अर्धा किंवा पाऊण फूट समजायचा.

आता लांबी. बक्कलाच्या दांड्यापासून रोज वापरायच्या भोकापर्यंतचं अंतर म्हणजे गिऱ्हाइकाचं माप. पँटवर लिहिलेला आकडा धरू नका. जुना बेल्ट मागून घ्या आणि त्यावर मोजा. या मापात टोकाकडे 6 इंच आणि बक्कलाभोवती दुमडायला 3 इंच मिळवा. माप 36 असेल तर पट्टी 45 इंचांची. दीड इंच रुंदीला हे साडेसदुसष्ट चौरस इंच होतात, म्हणजे अर्ध्या चौरस फुटापेक्षाही थोडं कमी.

समजा साइड 20 चौरस फुटांची आहे. कडा सरळ केल्यावर पाठीकडून 76 इंच लांब, 24 इंच रुंद असा चांगला तुकडा मिळाला. त्यातून दीड इंची 16 पट्ट्या निघतात. प्रत्येकीतून 45 इंचांचा एक बेल्ट काढला की 31 इंच उरतात. सोळा बेल्टांत कातडं गेलं जेमतेम साडेसात फूट. बाकी साडेबारा फूट कोपऱ्यात पडलं, तर अर्ध्या फुटाच्या बेल्टमागे सव्वा फुटाचे पैसे तुमच्या माथी बसले. नवा माणूस बुडतो तो इथे, आणि कापण्यात हात कितीही साफ असला तरी बुडतो.

म्हणून पहिला काप देण्याआधी त्या 31 इंचांना गिऱ्हाईक ठरलेलं असावं. 22 इंच कमरेच्या मुलाचा पट्टा नेमका 31 इंचांत बसतो. नाहीतर 22 इंचांचा कुत्र्याचा गळपट्टा आणि उरलेल्या 9 इंचांतून किल्लीचे दोन पट्टे. किंवा अख्खी पट्टी झोळीच्या हँडलला. एवढं ठरलं की 20 फुटांतले पावणेतेरा फूट कामी लागतात. पोटाच्या भागातून बक्कलामागचे लूप, म्हणजे पट्ट्याचं टोक अडकवायच्या कड्या, काढा. दीड इंची पट्ट्याला लूपची पट्टी सुमारे 4 इंच लांब आणि अर्धा इंच रुंद लागते. बेल्ट तयार आणि लूप संपलेले, ही रड हंगामात ठरलेली.

कातडं आलं की लगेच कापू नका. ते मोठ्या टेबलावर उलटं पसरा, खालच्या बाजूने सुरीचे काप शोधा. मग सुलटं करून उजेड तिरपा पडेल असं ठेवा. गोचिडीचे खड्डे, काट्यांचे ओरखडे, मानेच्या सुरकुत्या अशाच दिसतात. प्रत्येक दोषाला खडूने गोल करा. दोष म्हणजे टाकाऊ असं नाही. बक्कलाशी दुमडल्यावर आत जाणारे 3 इंच कोणालाच दिसत नाहीत, डाग तिथे ढकला. छोटं भोक असेल तर पट्टी पुढेमागे सरकवून ते बक्कलाच्या जिभेसाठी पाडायच्या लांबट खाचेत येतं का पाहा. खाच इंचभराची असते, भोक तिच्यातच जिरतं. सुरीचा काप मात्र लपवू नका, ताण आला की पट्टा तिथेच फाटतो.

दोन्ही हातांनी एक कोपरा कण्याच्या दिशेने ओढा, मग आडवा ओढा. कण्याला समांतर ताण कमी, पोटाकडे जास्त. सगळे पट्टे कण्याला समांतरच निघायला हवेत. जागा वाचते म्हणून पोटातून आडवा काढलेला पट्टा दोन महिन्यांत एक भोक लांब होतो आणि गिऱ्हाईक तो परत घेऊन येतं.

पहिला सरळ काप हे खरं काम. फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 फुटी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणा. ती सरळ आहे की नाही हे तपासायला तिच्या कडेने रेघ मारा, नळी उलटी करून त्याच रेघेला लावा. फट दिसली तर दोष दुप्पट होऊन दिसतोय, दुसरी नळी घ्या. कण्याकडची कड वाकडीतिकडी असते, तिच्यातला अर्धा-पाऊण इंच जाऊ द्या. तो वाचवायला गेलात तर पुढच्या सगळ्या पट्ट्या वाकड्या येतील. नळीवर तीन ठिकाणी वजन ठेवा, रापी (चांभाराची कातडं कापायची सुरी) किंवा कटर उभा धरा आणि एकाच दमात कापायचा हट्ट सोडा. पहिल्या फेरीत वरचा थर चिरा, दुसऱ्या फेरीत आरपार जा.

लोखंडी पट्टी कोऱ्या व्हेज टॅनवर ठेवू नका. कमावताना वापरलेल्या सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळानिळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. आपल्याकडे हवाच दमट, त्यात हाताला घाम. खाली चिकटपट्टी लावा, नाहीतर ॲल्युमिनियम वापरा.

सरळ कड मिळाली की पट्टी कापायचं लाकडी हत्यार, म्हणजे स्ट्रॅप कटर, घ्या. त्याच्या आडव्या दांडीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. टाकाऊ तुकड्यावर चार इंच कापून फूटपट्टीने मोजा, मग स्क्रू घट्ट करा. 40 मिलिमीटरच्या बक्कलाला 38 मिलिमीटरचा पट्टा मोकळा जातो. 40 चा काढलात तर कडा घासून पॉलिश केल्यावरही अडकतो. कापताना डाव्या हाताने कातडं दाबा आणि उजवा हात सरळ मागे ओढा. हत्याराचा ठोकळा कडेला सतत टेकलेला हवा. मनगट वळलं की पट्टी मध्येच अरुंद होते. पात्याची धार गेली तर कातडं पात्यापुढे गोळा होतं आणि सुर्रकन येणारा आवाज करकरीत होतो. तिथेच थांबा, पातं बदला, ओढत राहू नका.

दर चार-पाच पट्ट्यांनंतर नळी पुन्हा कडेला लावा. कातडं ओढताना कड किंचित ताणते, त्यामुळे जन्माला आलेला बाक हे हत्यार इमानेइतबारे पुढच्या पट्टीत उतरवतं. केसाएवढी फट दिसली की पुन्हा सरळ काप द्या. तेवढं कातडं गेलं तर गेलं.

कण्याजवळच्या पट्ट्या सगळ्यात लांब निघतात, पोटाकडे सरकावं तशा आखूड होतात. म्हणून 42, 44 मापांच्या ऑर्डरी आधी कापायच्या आणि 30-32 ची मापं शेवटी. मागणी आली त्या क्रमाने कापलं तर शेवटी मोठ्या मापाला कातडं पुरत नाही. एकाच पट्टीची जाडीही शेपटीकडून मानेकडे बदलते. आमच्या मते जाड टोक भोकांकडे ठेवावं, म्हणजे ती लवकर रुंदावत नाहीत. बक्कलाकडचं टोक दुमडायला तसंही तासून पातळ करायचं असतं, ते पातळ बाजूला आलेलं बरं.

मग पायमशीनचा पट्टा, पिशवीची नाडी, लांब दोरी असं काही काढायचं असेल तर? इथे गोल गोल कापतात. 12 इंच व्यासाची चकती घेतली आणि पाव इंच रुंदीने बाहेरून आत कापत गेलं, तर गणिताने साडेसदतीस फुटांच्या आसपास नाडी निघते. मधला गाभा सोडला तरी तीस फूट हातात येते, आणि तीही पोटाच्या बारक्या तुकड्यातून. मग बेल्टही असाच काढला तर? चालत नाही. एका वेढ्यात बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा रुंदीच्या सहापट जास्त लांब असते. पाव इंचाला हा फरक दीड इंचाचा, तो ओलं करून ताणला की मावतो. दीड इंच रुंदीला हाच फरक साडेनऊ इंचांचा होतो, आणि पट्टी कधीच सपाट बसत नाही. चकतीला कोपरे ठेवू नका, वळणावर नाडी तिथे जाड-बारीक होऊन तुटते.

मोठ्या मापाला पट्टी कमी पडली तर जोड देता येतो. दोन्ही टोकं तासून अडीच-तीन इंच एकमेकांवर बसवा, चिकटवायचं सोल्यूशन लावून दाबा आणि दोन ओळी शिवण घाला. जोड भोकांच्या भागात नको. तो पाठीमागे येईल असा ठेवा, आणि जोड आहे हे गिऱ्हाइकाला सांगूनच विका.

पावसाळ्यात वेगळाच छळ. आंबोलीच्या पावसातून आलेली गुंडाळी उघडून सावलीत एक-दोन दिवस पसरून ठेवा. ओलसर कातडं फुगलेलं असतं, तसंच कापलं तर सुकल्यावर पट्टी अरुंद होते. कटरचा लाकडी दांडाही फुगून अडकतो, त्याला मेणबत्ती घासा. माल प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलात तर आठवड्यात पांढरी बुरशी येते. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, वर्तमानपत्र लावा, भिंत आणि जमीन दोन्हींपासून दूर फळीवर ठेवा. बक्कल पितळेचं किंवा स्टेनलेसचं घ्या. पॉलिश दिलेलं लोखंडी बक्कल समुद्राजवळ एका हंगामात गंजतं आणि तो डाग पट्ट्यावर उतरतो.

शिकायला अख्खी साइड घेऊ नका. पोटाचे स्वस्त तुकडे किलोवर मिळतात, त्यावर हत्यार चालवा. कागदी पुठ्ठ्याच्या दीड इंची पट्ट्या कापून त्या कातड्यावर मांडून बघा, चुकलेली मांडणी फुकट दुरुस्त होते. चप्पल शिवणाऱ्या जुन्या कारागिराशेजारी बसायला मिळालं तर रापीला धार लावणं आणि कातडं तासणं त्याच्याकडून शिका, हे व्हिडिओ पाहून हाताला येत नाही. भिंतीवर एक तक्ता लावा: आलेल्या ऑर्डरींच्या लांब्या एकीकडे, उरलेल्या तुकड्यांच्या लांब्या दुसरीकडे. नवीन साइड उलगडण्याआधी दुसरी बाजू वाचायची.