समुद्रकाठच्या साध्या घरात राहताना या चुका टाळा

उष्ण कटिबंधातल्या छोट्याशा गावात, समुद्राला लागून असलेल्या झावळ्यांच्या छपराच्या घरात आठ-दहा दिवस राहायला गेलेली मंडळी बहुधा तिसऱ्या दिवशी वैतागतात. रात्री घामाने झोप लागत नाही, पाणी मचूळ लागते, फोन चार्ज होत नाही. दोष घराच्या माथी मारला जातो. वास्तविक असे घर वारा आणि विहिरीच्या भरवशावर चालते आणि आपण ते फ्लॅटसारखे वापरायला जातो.

पहिली चूक खिडक्यांची. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून घरात येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असतात, तरीही रात्री समुद्राकडची खिडकी सताड उघडी आणि मागची कडी लावून बंद, हेच दृश्य दिसते. मतलई वारा मुळातच मंद असतो, त्यामुळे मागची खिडकी उघडून बिछाना तिच्याजवळ सरकवला तरच त्याचा उपयोग होतो.

डासांच्या भीतीने खिडक्या लावून घेण्यापेक्षा मच्छरदाणी नीट लावणे बरे. ती दिवस मावळण्यापूर्वी सोडून चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. झोपेत कोपर किंवा पाऊल जाळीला टेकले, तर डास बाहेरूनच चावतो, म्हणून ती पुरेशी ऐसपैस हवी. मात्र डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाउजेडी चावतो, हे विसरून अनेक जण डास पळवणारे मलम फक्त संध्याकाळी लावतात. किनाऱ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्या साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरतात. त्या उडण्यात दुबळ्या असल्यामुळे पंख्याच्या झोतापुढे त्यांचे फारसे चालत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक पाण्याची असते. वाळूच्या किनाऱ्यावरच्या विहिरीत गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, कारण गोडे पाणी हलके असते. या थराचा हिशेब चमत्कारिक आहे : समुद्रपातळीच्या वर साधारण 1 मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत ते टिकून राहते, म्हणजे वरची पातळी हातभर उतरली, की खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पटीने वर चढू पाहते. पाच माणसांनी पाठोपाठ शॉवरखाली अर्धा-अर्धा तास काढला आणि तेवढा वेळ पंप चालू राहिला, की संध्याकाळी चहा खारट लागतो. अशा वेळी पंप बंद ठेवून विहिरीला विश्रांती द्यावी आणि नंतर थोडे थोडे पाणी उपसावे. उकळल्याने पाणी गोडे होत नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेले किंचित अधिकच खारे होते. जंतू मारण्यासाठी मात्र ते खळखळून किमान 1 मिनिट उकळलेच पाहिजे. साबणाला फेस येत नाही, यात साबणाचा दोष नसून पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आहे, त्यामुळे आणखी साबण चोळत बसू नये. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकीतले संपले की नळही कोरडा पडतो, म्हणून एक बादली कायम भरलेली असावी.

संडासात कागद, सॅनिटरी पॅड किंवा जंतुनाशकाची आख्खी बाटली टाकू नये. सेप्टिक टँक त्यातल्या जिवाणूंमुळेच चालते.

आता फोन. बंदरावरून किंवा लाटांजवळून फिरून आल्यावर चार्जिंगच्या खाचेत खारट ओल राहते, आणि तशातच केबल खुपसली की धातूचे टोक काही दिवसांत हिरवट पडते. फोन आधी कोरड्या कापडाने पुसून, खाच खालच्या बाजूला धरून अलगद झटकावा आणि पूर्ण वाळल्यावरच केबल लावावी. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा लोकप्रिय उपाय करू नये. कणी आणि पीठ खाचेत जाते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. कातडी वस्तू मात्र बंद पिशवीत कोंडू नयेत : माझ्या पट्ट्यावर पाच दिवसांत पांढरी बुरशी धरली होती, आणि तो मी जपून ठेवला होता!

समुद्राच्या बाबतीत कालच्या वेळेवर विसंबणे धोक्याचे असते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे ती जास्त वर चढते. ओहोटीला खडकाला वळसा घालून पलीकडे गेलेल्या माणसाला परतीची वाट पाण्याखाली गेलेली दिसते, ती याच हिशेबाच्या चुकीने. पोहायला उतरताना लाटा फुटत नसलेली शांत, गडद पट्टी सुरक्षित समजू नये. तिथूनच पाणी वेगाने आत ओढले जात असण्याची शक्यता असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत येण्याऐवजी तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग तिरके परत यावे.

नारळांनी लगडलेल्या माडाखाली झोपाळा बांधू नये. ओट्यावर ठेवलेल्या चपला-बूट सकाळी झटकल्याशिवाय पायात घालू नयेत, कारण विंचवाला असा कोनाडा आवडतो.

रात्री समुद्राकडे तोंड असलेला दिवा उगाच जळत ठेवणे ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कासवांची नुकती बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात आणि पाण्याऐवजी घराकडे वळतात. तो दिवा मालवला, की ओट्यावरची किड्यांची झुंबडही कमी होते. अंगणापर्यंत जायला मंद लाल प्रकाशाची विजेरी पुरते.